मावस की सावत्र

८ फेब्रुवारी

सुईदोरा यांस,

रक्ताची नाती शोधायच्या साइटवर तुम्ही हेच नाव घेतलंय, म्हणून तेच लिहितो. माझं तिथलं नाव कवळीवाला. धंदाही तोच. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, त्यावरून मी कवळ्या बनवतो. तुमच्या पानावर ‘पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून मिळतील’ असं लिहून दुकानाचा पत्ता दिलाय. बहुधा गिऱ्हाईक मिळेल म्हणून दिला असेल. मी गिऱ्हाईक नाही, माफ करा.

साइटवरून दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. शिवाय असलं काही टाइप करायला हात धजत नाही. म्हणून कागद घेतला.

ताई, तुम्ही माझ्यासारखीच डीएनए तपासायला नळीत थुंकी पाठवली होती. माझा निकाल गेल्या महिन्यात आला. यादीत शेकडो लोक आहेत, पण बहुतेक सगळे लांबचे, खापरपणजोबांच्या काळात कुठेतरी धागा जुळणारे. सगळ्यात वर मात्र तुम्ही आहात. आपलं पंचवीस टक्के जुळतं. साइट म्हणते, सावत्र भावंडं असावीत. खाली बारीक अक्षरात आत्या-भाचा, मावशी-भाचा अशाही शक्यता दिल्यात. पण मी चोपन्न वर्षांचा आहे आणि तुमचं वय साधारण माझ्याच जवळपासचं दिसतं. मग कोण कोणाची आत्या होणार?

मला दत्तक घेतलेलं आहे. ज्यांनी वाढवलं ते आई-बाबा आता नाहीत, म्हणून शोधायची हिंमत झाली. ते असताना शोधलं असतं तर माझ्या या आईनं एका शब्दानं विरोध केला नसता, पण आठ दिवस जेवली नसती.

मला कोणाकडून काही नको. जिनं मला जन्म दिला ती बाई जिवंत असेल तर एकदा तिच्यासमोर बसायचंय. जाब विचारायचा नाही. नुसतं बसायचंय. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

आपला,
कवळीवाला

२ मार्च

कवळीवाले,

पहिली गोष्ट, मला ताई म्हणू नका. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, तुमच्याहून लहान.

दुसरी गोष्ट. माझी आई जानेवारीत गेली. तेव्हापासून मी साइट उघडलेली नाही. गिऱ्हाइकांचे फोनही उचलत नाही. एका बाईचे बैठकीच्या खोलीचे पडदे कापून पडलेत, ती रोज दुकानासमोरून जाते आणि मी दिवा बंद करून बसते. लोक विचारतात, बरी आहेस ना? मी म्हणते, हो. आणि खोटंही बोलत नाही, कारण काहीच वाटत नाही. दात काढायच्या आधी तुमचे डॉक्टर जे इंजेक्शन देतात ना, ते कोणीतरी मला सगळ्या अंगभर दिलंय. अशा माणसाला तुम्ही असलं पत्र पाठवलंत. तुमची चूक नाही म्हणा, तुम्हाला काय माहीत.

मी थुंकी पाठवली ती वेगळ्याच कारणासाठी. माझ्या आजीचा एक भाऊ रागावून घर सोडून गेला, तो परत आलाच नाही. त्याची पोरंबाळं कुठे असतील, कोणी चुलत-मावस निघतं का, हे बघायचं होतं. माझा एक मामेभाऊ नकाशे काढायच्या ऑफिसात आहे, त्यानं हे खूळ डोक्यात भरवलं. मी आईलाही म्हटलं, तूही थुंक. ती म्हणाली, “आयुष्यभर ज्यांच्यावर थुंकायचं होतं त्यांच्यावर थुंकले नाही, आता नळीत कशाला थुंकू?” आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता तुमचा प्रश्न. माझे बाबा औषधं विकायचे, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. माणूस गोड बोलायचा. फिरतीवर त्यांनी कुठे काय केलं असेल ते मला ठाऊक नाही आणि आता ऐकायचंही नाही. तुम्ही त्यांचे असाल तर असाल. पण मग तुमची आई कोण, हे मी कसं सांगणार?

त्यामुळे माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही. घरात आता मी आणि माझी मावशी, दोघीच असतो. तिची एक बाजू लुळी पडलीये, तिचं सगळं मलाच करावं लागतं. कृपा करून पुन्हा लिहू नका.

सुईदोरा

११ मार्च

सुईदोरा यांस,

पुन्हा लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय. एवढं एकदाच. तुमच्या आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि किती वाईट वाटलं हे पुढे वाचलंत की कळेल.

तुम्ही ज्या मामेभावाबद्दल लिहिलंत तो माझ्याही यादीत आहे. साइटवर त्याचं नाव ‘नकाशेवाला’. तो तुमच्या आईच्या भावाचा मुलगा, हे तुमच्याच वंशवृक्षात लिहिलंय. त्याचं आणि तुमचं जेवढं जुळतं, म्हणजे बाराएक टक्के, तेवढंच त्याचं आणि माझंही जुळतं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. मी तुमच्या बाबांचा असतो तर तुमच्या मामाच्या मुलाशी माझा काय संबंध? तो माझ्या यादीत दिसलाच नसता.

म्हणजे बाबांवर विनाकारण आळ आला. माझं नातं तुमच्या आईकडून आहे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. मग दुसऱ्या दिवशी पुढे लिहायला घेतलं. मी नळी पाठवली ती डिसेंबरात. तेव्हा त्या होत्या. निकाल आला तेव्हा नव्हत्या. मी दुकानात पंचवीस वर्षं रोज दुसऱ्यांच्या कवळ्या घासतो, हे शोधायचं काम मी आई-बाबा गेले तेव्हाच, दहा वर्षांपूर्वी, करू शकलो असतो. उगाच आज-उद्या करत राहिलो.

आता काही मागणं नाही. फक्त एक फोटो पाठवाल का? हसतानाचा असला तर बरं. धंद्याची खोड आहे, दात दिसल्याशिवाय मला माणूस दिसत नाही.

आपला,
कवळीवाला

१९ एप्रिल

कवळीवाले,

तुमचं पत्र मी वाचलं आणि शिलाई मशीनच्या खणात टाकलं. वर बॉबिनी, खडू, कात्री ओतली. महिनाभर ते तिथेच होतं.

मग मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “हो, मला दिसला होता तो तुझ्या यादीत. म्हटलं आत्या नुकतीच गेलीये, कशाला बोला.” शहाणा! स्वतः खूळ घालायचं आणि वेळ आली की मौनव्रत घ्यायचं. संध्याकाळी तो घरी आला, एका कागदावर चौकोन-गोल काढून मला समजावलं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आईचा गोल, त्यातून खाली दोन रेघा, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. मी म्हटलं, पुरे. चहा पी आणि जा.

म्हणजे आईला माझ्याआधी एक मुलगा झाला होता. तिनं मला ते सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसून तिला चमच्यानं सूप भरवत होते, तेव्हाही नाही. जगातलं सगळं सांगायची. शेजारणीच्या सुनेचं, दूधवाल्याच्या सासूचं. हेच तेवढं नाही. मला राग यायला हवा. येत नाही. पडदे शिवायला घेतले, दोन्ही पडद्यांची झालर उलटी लावली, उसवायचाही कंटाळा आला.

एक गोष्ट आठवली. लग्नाआधी आई आणि मावशी, दोघी मिळून वर्षभर परगावी टायपिंग शिकायला गेल्या होत्या. घरात हे कायम सांगितलं जायचं. आणि दोघींपैकी एकीलाही टायपिंग येत नव्हतं. आम्ही पोरं त्यावरून चिडवायचो, “वर्षभर काय क ख ग शोधत होतात?” मावशी म्हणायची, “मशीन खराब होतं.” आता मी त्यावर हसू शकत नाही.

आणि तुमच्या साइटचा तो सावत्र शब्द मला मुळीच आवडला नाही. आमच्याकडे सावत्र म्हणजे बापाची दुसरी बायको, तिची पोरं, उष्टं-खरकटं, मारझोड. एकाच बाईच्या पोटातून आलेल्यांना सावत्र कसं म्हणायचं? दुसरा शब्द मला सापडला नाही.

मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आधीच अर्धी झालीये. दिवसाआड मी तिला स्टुलावर बसवून आंघोळ घालते. साबण लावताना तिची बडबड चालू असते. “बघ गं, चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, पण अंगाला आजवर सुरी लागली नाही. ना अपेंडिक्स, ना काही. तुझी आई बघ, ठिकठिकाणी टाके.” पूर्वी आई बाहेरून ओरडायची, “मिरवून झालं असेल तर बाहेर ये!” आता बाहेरून कोणी ओरडत नाही. मावशी तरीही थोडं थांबते, मग पुढे बोलते.

फोटो पाठवतेय. दोघी विशीतल्या आहेत. डावीकडची आई. थांबा, उजवीकडची. मला नेहमीच गोंधळ होतो. मावशीला दाखवला तर म्हणाली, चष्मा आण. चष्मा लावून म्हणाली, मी मधली. मध्ये कोणी नाहीच.

सुईदोरा

२६ एप्रिल

सुईदोरा यांस,

फोटो मिळाला. मी तो दुकानातल्या भिंगाखाली धरला, ज्याखाली दातांच्या कडा बघतो. दोघींच्या पुढच्या दोन दातांत एकसारखी फट. डावा सुळा दोघींचाही किंचित वर चढलेला. इतक्या वर्षांत मी दोन माणसांचे असे दात पाहिले नाहीत.

तुमच्या आई आणि मावशी जुळ्या होत्या? हुबेहूब जुळ्या? इतकी पत्रं लिहिलीत, एका शब्दानं बोलला नाहीत! तुम्हाला ते रोजचंच, त्यामुळे सुचलंही नसेल. साइटवरच्या वंशवृक्षातही दोघींची नुसती जन्मवर्षं आहेत, आणि मी गाढव, एकच वर्ष दोनदा वाचून पुढे गेलो.

मी साइटच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एका पोरीनं उचलला, हसतमुख होती. म्हणाली, काका, हुबेहूब जुळ्या बहिणींचं रक्त आतून एकच असतं. त्यामुळे त्यांची मुलं नात्यानं मावसभावंडं असली तरी आमच्या हिशेबात सावत्र भावंडांइतकीच जवळ येतात. पंचवीस टक्के. मी विचारलं, मग मी कोणाचा? ती म्हणाली, आमच्याकडून नाही सांगता येणार. मावशींची थुंकी पाठवलीत तर मशीन त्यांना तुम्हा दोघांचीही आई म्हणेल.

दोघांचीही आई. मी फोन ठेवला आणि दोघींचा फोटो पुन्हा भिंगाखाली धरला.

म्हणजे मी तुमच्या आईचा असेन, तर उशिरा पोचलो आणि संपलं. पण मावशींचा असेन तर माझी आई जिवंत आहे. दिवसाआड स्टुलावर बसते, फुशारक्या मारते. मी महिनाभर एका बाईचं सुतक मनात धरून बसलोय आणि ती कदाचित माझी मावशी असेल.

हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय. तुम्ही त्यांना विचाराल का? नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण विचाराल का?

आपला,
कवळीवाला

सोबत माझा एक फोटो ठेवलाय. हसतोय. हसायला सांगितलं की मी फार वाईट हसतो.

१४ मे

कवळीवाले,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगून टाकते, मग पुढचं. मनात आलं, देवा, मावशीचा निघू दे. तुमच्यासाठी नाही हो. माझ्यासाठी. म्हणजे आईनं माझ्यापासून काही लपवलं नाही असं होईल. लपवलं ते मावशीनं, आणि आईनं फक्त बहिणीला सांभाळून घेतलं. हे मनात आलं आणि लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

विचारायला धीर होत नव्हता. रोज ठरवायचे, आज चहाच्या वेळी. चहा व्हायचा, कप विसळून व्हायचे. शेवटी एका सकाळी मी तुमचा फोटो तिच्यासमोर टेबलावर ठेवला, टोस्टच्या शेजारी. म्हटलं, “हा मनुष्य आपल्यापैकी कोणाचातरी आहे. आईचा की तुझा?” असंच. याहून चांगलं मला जमलं नाही.

तिनं चांगल्या हातानं फोटो उचलला. चष्मा मागितला नाही. टोस्ट कपात सोडून बघत राहिली. टोस्ट चहात विरघळून गेला. मग म्हणाली, “किती वर्षांचा आहे?”

“चोपन्न.”

“दात त्याचे स्वतःचे आहेत?”

“मला काय माहीत! कवळ्या बनवतो तो.”

“स्वतःचेच आहेत,” ती म्हणाली. “कागद घे. मी सांगते ते लिही. मध्ये तुझं शहाणपण घालू नकोस.”

पुढचं तिचं आहे. मी फक्त लिहिलं.

बाळा,

चोपन्न वर्षांच्या घोड्याला बाळ म्हणतेय, हसू नकोस. तू माझा आहेस. हिच्या आईचा नाही, माझा. हिची आई माझ्या सोबतीला आली होती. ते टायपिंगचं खोटं तिच्याच डोक्यातलं. मी दोन दिवस कळा दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एका दमात आलास, सुईणीला हातसुद्धा धुवायला वेळ मिळाला नाही. मोठ्यांदा रडलास. मला बरं वाटलं, म्हटलं आवाज आहे पोराला. मग घेऊन गेले. लग्न न झालेल्या पोरीला कोणी विचारत नव्हतं, ठेवायचाय का म्हणून. तुझा बाप कोण ते मला विचारू नकोस. आठवण ठेवावी असा नव्हता. पुढे मला लग्न करावंसं वाटलं नाही, एवढंच. ही पोरगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन बसायचे, तेव्हा तुझी आठवण यायची. ये. आमचा जिना उंच आहे, वळणावर दिवा नसतो, सांभाळून ये. मला आता कडक खाता येत नाही, तेव्हा कडक काही आणू नकोस.

(हे मी लिहितेय. सही कर म्हटलं तर ती म्हणाली, “सही कशाला, मी काय बँकेत आहे?” मग तिनं लुळ्या हातानं एक रेघ ओढली. ती खाली दिसतेय ती.)

तर म्हणजे तुम्ही माझे मावसभाऊ. मी दुपारी त्या बाईचे पडदे उसवले आणि नीट शिवून दिले. ती पैसे देऊन घेऊन गेली, बिचारी. आईच्या कपाटाकडे आज पहिल्यांदा नीट बघता आलं.

आणि मावसभावाला अहो-जाहो करायची पद्धत आमच्या घरात नाही. मामेभावाला तर मी गाढवच म्हणते. तेव्हा यापुढे तू.

सुईदोरा

२३ मे

सुईदोरा,

तुझं पत्र मी दुकानात उघडलं. एका डॉक्टरांचा माणूस कवळी न्यायला आला होता, त्याला म्हटलं उद्या ये. शटर अर्धं ओढलं आणि ‘बाळा’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. दोन दिवस मी हवेत होतो. ओळखीच्या हॉटेलवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन, मुलगा झाला का? मी म्हटलं, नाही, आई झाली.

तिसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात बघत होतो आणि हात थांबला.

मला वाढवलेल्या आईला माझ्या डोक्याचा फार अभिमान होता. माझं डोकं अगदी गोल आहे, चेंडूसारखं. कोणी पाहुणे आले की ती मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवायची आणि सांगायची, “पोट फाडून काढलेलं बाळ हे. म्हणून असं. नाहीतर बाकीची पोरं बघा, वाटेत चेपतात.” मी लाजून मरायचो. तिला हे त्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, मला हातात देताना. नर्स म्हणाली होती, “जपा याला, याच्या आईचे टाके अजून ओले आहेत.” माझी ही आई ते वाक्य सांगताना दर वेळी डोळे पुसायची. त्या दुसरीसाठी.

आता तू एप्रिलमध्ये लिहिलेलं पत्र आठव. आंघोळीचं. अंगाला सुरी लागली नाही, ते.

मी काही विचारत नाहीये. तू उत्तरही लिहू नकोस. आपल्या दोघांनाही कळलंय, तेवढं बस झालं. मावशींना आपल्याला कळलंय हे कळता कामा नये.

पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. मग त्या दोन दिवसांच्या कळा पुन्हा वाचल्या. सुईण, न धुतलेले हात, सगळं. लुळं अंग घेऊन एक म्हातारी खुर्चीत बसते आणि टोस्ट विरघळेपर्यंतच्या वेळात एका अनोळखी माणसासाठी अख्खं बाळंतपण रचते. का? तर त्याला जिवंत आई मिळावी म्हणून. आणि तुझ्या मनातली आई तुला जशी होती तशी राहावी म्हणून. इतकं कोणी माझ्यासाठी कधी केलं नाही. तेव्हा मी येतो आणि त्यांना आई म्हणतो. यात खोटं काही नाही. मशीनलाही विचार, तेही तेच म्हणेल.

फक्त एक कळत नाही. त्या दुसरीचं मी काय करू? जी जानेवारीत गेली. मावशींसमोर बसून तिच्याबद्दल विचारायचं तरी कसं, आणि नाही विचारलं तर ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा जाणार. यावर तुझ्याकडेही उत्तर नसेल. असो.

पुढच्या रविवारी दहाच्या गाडीनं निघतो. मऊ केक आणतो.

तुझा,
काय ते तू ठरव

२७ मे

अरे,

उत्तर लिहू नकोस म्हणालास, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. पत्र वाचून मी जिन्यातच बसले होते. वरच्या मजल्यावरचा माणूस पिशवी घेऊन मला ओलांडून गेला, सॉरी म्हणाला. मी मान हलवली.

आज तिच्या आंघोळीचा दिवस होता. पाठ चोळताना मी तिला विचारलं, “मावशी, ते सगळं खरं ना गं?” तुझं ऐकायचं म्हणून ठरवलं होतं की विचारायचं नाही, पण तोंडातून गेलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पाणी गार होतंय.” मी गरम पाणी घातलं. त्यानंतर ती अंगाबद्दल एक अक्षर बोलली नाही. सुरीचं, टाक्यांचं, काहीच नाही. टॉवेलनं स्वतःच पोट झाकून घेतलं. चार वर्षं मी तिला आंघोळ घालतेय, असं तिनं कधी केलं नव्हतं.

आई जायच्या आधी आठवडाभर या दोघी दार लावून बोलत बसायच्या. मी सूप घेऊन गेले की गप्प. मला वाटायचं दुखण्याबद्दल बोलत असतील. मी रुसायचेसुद्धा, की मुलीपेक्षा बहीण जवळची. आता वाटतं, आईनं तुला तिच्या हवाली केलं होतं. तू कधी आलासच तर. मला नाही सांगितलं, तिला सांगितलं. मला याचं फार वाईट वाटलं, आणि मग बरंही वाटलं, कारण मला सांगितलं असतं तर मी तुला एवढी चांगली आई काही देऊ शकले नसते. मी सरळ खरं सांगून मोकळी झाले असते.

तर ऐक. तू ये. मावशीनं निळा स्वेटर काढून ठेवलाय, केस कापून घेतलेत, मामेभावाला दोनदा फोन करून सांगितलंय, “माझा मुलगा येतोय.” गाढव रडला फोनवर. तिच्यासमोर तिला आई म्हण, मोठ्यांदा म्हण, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तिनं कळांची गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा ऐक. दर वेळी थोडी वाढवून सांगेल, तरी ऐक.

जेवण झालं की ती दोन तास झोपते. तेव्हा आपण मागच्या खोलीत जाऊ, दार लावून घेऊ. आईचं कपाट तिथेच आहे, मी अजून त्यातलं काही काढलेलं नाही. तिथे तुला हवं ते विचार. ती कशी हसायची, काय बोलायची, माझ्यावर कशावरून ओरडायची. टाक्यांचंही विचार, सांगेन. तिथे तू तिला आई म्हण. मला जानेवारीपासून रडता आलेलं नाही. एकटीला जमत नाहीये.

तुझी,
बहीण